खिशाला झेपणारं गाणं

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)

घरात कुणाचा वाढदिवस आला, दहावीचा निकाल लागला किंवा आजोबा निवृत्त झाले की एक प्रश्न हमखास निघतो. ‘गाणी ऐकायला काहीतरी घ्यायचंय. एवढ्या पैशांत काय येईल?’ मग शेजारचा मुलगा एक सांगतो, ऑफिसातला सहकारी दुसरं सांगतो, दुकानदार तिसरंच गळ्यात मारतो. आपल्याला वाटतं, हा प्रश्न आजचा आहे. पण मुंबईत तो शंभर वर्षांहून जुना आहे. गिरगावच्या वाड्यांत तो विचारला गेला, दादरच्या बिऱ्हाडांत विचारला गेला आणि परळ-लालबागच्या गिरणी कामगारांच्या खोल्यांत तर तो अनेक दिवाळ्या, अनेक बोनस पुरला. या प्रश्नाची आपल्या आधीच्या तीन-चार पिढ्यांनी काय काय उत्तरं शोधली, ते आज पाहू. त्यात करमणूक आहे, आणि आपल्या आजच्या खरेदीलाही त्याचा उपयोग आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो. गाणं ऐकण्याच्या कुठल्याही यंत्राचे हिशेब तीन असतात. पहिला यंत्राच्या किमतीचा. दुसरा यंत्र चालवण्याच्या खर्चाचा. तिसरा त्यात घालायच्या गाण्यांचा. दुकानात आपण फक्त पहिला हिशेब विचारतो. घरी आल्यावर पुढची वर्षं दुसरा आणि तिसरा भरत बसतो. चाळीतल्या माणसांना हे फार लवकर कळलं होतं, कारण त्यांच्याकडे चुकायला पैसे नव्हते. आणि म्हणून त्यांनी चौथा हिशेबही जोडला. एवढ्या पैशांत कान किती ऐकणार?

एडिसनचा फोनोग्राफ १८७७ सालचा. त्यात आवाज नळकांड्यावर कोरला जाई. त्यानंतर दहा वर्षांनी एमिल बर्लिनर यांनी चपटी तबकडी आणली आणि ध्वनिमुद्रिकेचा धंदा खऱ्या अर्थानं शक्य झाला, कारण एका साच्यावरून हव्या तितक्या तबकड्या काढता येऊ लागल्या. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायसबर्ग कोलकत्यात आले आणि त्यांनी गौहरजान यांचं गाणं मुद्रित केलं. १९०८ साली कोलकत्यात सियालदहला तबकड्यांचा कारखानाही निघाला. या तबकड्या लाखेच्या असत आणि जगाला लाख पुरवणारा मुख्य देश आपलाच होता.

त्याच १९०८ साली विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी मुंबईत गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. गिरगाव तेव्हा मराठी मध्यमवर्गाचं माहेरघर होतं. नाटकाचं वेड घराघरांत होतं. पण नाटकाचं तिकीट एका रात्रीपुरतं. बालगंधर्वांचं पद ऐकायला पुन्हा तिकीट काढावं लागे, आणि रात्रभर जागायची तयारी लागे. तबकडी एकदा घेतली की तेच पद पंचवीसदा ऐकता येई. ज्या घरांतल्या बायकांना नाटकगृहात जाणं सोपं नव्हतं, त्यांच्या कानांवर नाट्यसंगीत पडलं ते मुख्यतः तबकडीमुळे. बालगंधर्व, मास्टर कृष्णराव, हिराबाई बडोदेकर ही नावं ओटीवरून माजघरात गेली.

त्या ग्रामोफोनचा एक मोठा गुण आज आपल्या लक्षात येत नाही. त्याला वीज लागत नसे. चावी फिरवायची, आतली स्प्रिंग आवळली जायची आणि ती सुटत जाताना तबकडी मिनिटाला ७८ फेरे घ्यायची. म्हणजे हे यंत्र मुळातच ‘कॉर्डलेस’ होतं. सुरुवातीला त्यावर मोठा कर्णा असे. पुढे कर्णा पेटीच्या पोटात गेला आणि सुटकेससारखी मूठ असलेले पोर्टेबल ग्रामोफोन निघाले. एचएमव्हीचं ‘१०२’ हे १९३१ चं मॉडेल त्यातलं प्रसिद्ध. सहलीला, लग्नघरी, मामाच्या गावी नेता येणारं ते पहिलं गाणं. घड्याळ आणि ग्रामोफोन या दोन्हींत स्प्रिंग आणि चाकं, त्यामुळे दोन्ही वस्तू एकाच दुकानात मिळत यात नवल नाही. दादर पश्चिमेच्या ‘महाराष्ट्र वॉच अँड ग्रामोफोन कंपनी’ या दुकानाच्या नावात ती जोडी राहून गेली आहे.

पण दुसरा हिशेब इथेच सुरू झाला. पोलादी पिन एका बाजूपुरती, फार तर दोन बाजूंपुरती. ती बदलली नाही तर तबकडीचे चर खरवडले जात. पिनांच्या लहान लहान डब्या घ्याव्या लागत. पिन वाचवायची की तबकडी वाचवायची, असा तो पेच असे. आणि तिसरा हिशेब म्हणजे एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटांचं गाणं. तासभराचा ख्याल ज्यांना हवा त्यांना हे अपुरंच होतं. पण या तीन मिनिटांच्या मापात एक नवा गीतप्रकार अगदी नेमका बसला, तो म्हणजे मराठी भावगीत. त्या पहिल्या काळातले गायक ग. ना. जोशी पुढे एचएमव्हीतच अधिकारी झाले आणि त्यांनी कितीतरी कलावंतांचं गाणं तबकडीवर आणलं. यंत्राच्या मापानं गाण्याचं माप ठरतं, हे तेव्हाही खरं होतं.

गिरगावातून ट्राम पकडून परळ-लालबागला आलं की चित्र बदलत असे. कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार. एका खोलीत पाळीपाळीनं झोपणारे दहा-बारा जण. खानावळीत जेवण. पगारातला मोठा भाग मनिऑर्डरनं गावी जायचा. यांनी ग्रामोफोन घ्यायचा तो कुठून आणि ठेवायचा तो कुठे? त्यांचं उत्तर वेगळं होतं. यंत्र विकत घ्यायचं नाही, भाड्यानं आणायचं. सत्यनारायणाची पूजा असो, बारसं असो किंवा गणेशोत्सव असो, लाऊडस्पीकरवाला बोलावला जाई. तो यंत्र आणि रेकॉर्डी घेऊन येई आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं गाणं लावी. वर्गणी दारोदार जमवलेली असे, म्हणून गाण्यावर हक्कही सगळ्यांचा असे. अमुक गाणं का लावलं नाही, यावरून भांडणंही होत. उरलेल्या दिवसांना भजनी मंडळं, शाहिरांचे फड आणि नमन-खेळे होतेच. गाणं ऐकायला यंत्रच लागतं, असं या वस्तीला कधी वाटलं नाही.

२३ जुलै १९२७ या दिवशी मुंबई नभोवाणी केंद्राचं उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झालं. १९३६ साली ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आलं. रेडिओनं तिसरा हिशेब एका फटक्यात पुसून टाकला, कारण गाणं फुकट झालं. पण दुसरा हिशेब मागच्या दारानं आत आला. रेडिओ बाळगायला सरकारी परवाना लागे. पोस्टात जाऊन दरवर्षी पैसे भरायचे आणि परवान्याच्या पुस्तिकेत तिकीट चिकटवून घ्यायचं. घरगुती रेडिओला वर्षाला १५ रुपये ही रक्कम पुष्कळांच्या पक्की स्मरणात आहे. तपासनीस आला तर, या धाकानं काही घरांत रेडिओ चादरीखाली लपवला जाई. हे परवाने ऐंशीच्या दशकात रद्द झाले.

रेडिओचा जुना संच म्हणजे व्हॉल्व्हचा. तापायला वेळ घेणारा, भिंतीवरच्या फळीवर बसणारा, विजेवर चालणारा. तो हलवता येत नसे, पण आवाज हलत असे. एका खोलीत रेडिओ लागला की गॅलरीतल्या दहा खोल्या ऐकत. ज्यांच्याकडे तोही नव्हता, त्यांच्यासाठी इराणी होता. एका चहाच्या पैशांत तासभर रेडिओ, आणि पुढे काही इराण्यांकडे ज्यूकबॉक्स आला तेव्हा नाणं टाकून आपल्या आवडीचं गाणं. आज गाण्यांचं मासिक शुल्क भरणाऱ्यांना नवल वाटेल, पण गाणं विकत न घेता ऐकण्यापुरते पैसे मोजण्याची पद्धत मुंबईत तेव्हापासूनची आहे.

मग ट्रान्झिस्टर आला. १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत त्याचा शोध लागला. १९५४ साली खिशात मावेल असा पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ तिथल्या बाजारात आला आणि लगोलग जपानी कंपन्या त्यात उतरल्या. आपल्याकडे त्याचा जोर साठच्या दशकात वाढला. मर्फी, फिलिप्स, बुश, नॅशनल एको ही नावं घराघरांत झाली. मर्फीचा कारखाना तर ठाण्यातच होता. मर्फीच्या जाहिरातीतलं बाळ आजही लोकांच्या डोळ्यांसमोर येतं.

ट्रान्झिस्टर घेताना दुकानात कळीचा प्रश्न असे, ‘बँड किती?’ नुसता मीडियम वेव्ह असेल तर मुंबई केंद्र मिळे. ‘वनिता मंडळ’, ‘आपली आवड’ आणि संध्याकाळी कामगारांसाठीची ‘कामगार सभा’ त्यावर येई. कामावरून दमून आलेल्या माणसाला लोकगीतं आणि त्याच्याच भाषेतल्या श्रुतिका ऐकवणारा हा कार्यक्रम गिरणगावाचा खास आपला होता. पण रेडिओ सिलोन हवं असेल तर शॉर्ट वेव्हचा बँड लागे, आणि त्याला जास्त पैसे पडत. सिलोनचं एवढं वेड कशासाठी? १९५२ पासून मंत्री असलेल्या बा. वि. केसकर यांच्या काळात आकाशवाणीवर चित्रपटसंगीताला जवळजवळ दार बंद झालं होतं. त्याच सुमाराला अमीन सायानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सिलोनवर सुरू झाली. ती मुंबईत ध्वनिमुद्रित होऊन कोलंबोला जाई आणि तिथून पुन्हा आपल्या चाळीत ऐकू येई. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू झाली आणि १९६७ साली मुंबई, पुणे, नागपूर इथून तिच्यावर जाहिरातीही येऊ लागल्या. सरकारच्या एका धोरणामुळे मुंबईच्या माणसाला रेडिओ घेताना एक जादा बँड घ्यावा लागत होता, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

ज्यांना नावाजलेल्या कंपनीचा संच परवडत नसे, त्यांच्यासाठी गिरगावाला लागूनच लॅमिंग्टन रोड होता. तिथे सुटे भाग मिळत आणि ते जुळवून संच तयार करून देणारे कारागीरही मिळत. पेटीवर नाव नसे, पण बिघडला तर दुरुस्त करून मिळे. पैसे जमवायचे मार्ग दोन, दिवाळीचा बोनस किंवा चाळीतली भिशी. भिशी लागली की रेडिओ येई आणि पेढे वाटले जात. उरला बॅटरीचा खर्च. सेल उतरले की ते उन्हात ठेवायचे, म्हणजे आणखी दोन दिवस ओढता येतात, हे शास्त्र प्रत्येक घरात माहीत होतं. क्रिकेटचा सामना आला की मात्र नवे सेल लागतच, कारण ऐन रंगात आवाज बसला तर गॅलरीतली सगळी मंडळी अंगावर येत. बाळ ज. पंडितांचं मराठी धावतं समालोचन चुकवणं परवडणारं नव्हतं.

इथपर्यंतच्या सगळ्या यंत्रांत एक समानता आहे. ती फक्त ऐकवत. बोलणारा, गाणारा दुसरीकडे असे. तबकडीवर कोण गाणार ते कंपनी ठरवे, रेडिओवर कोण गाणार ते केंद्र ठरवे. हे चित्र पालटलं ते कॅसेटनं, आणि माझ्या मते गिरणगावाच्या दृष्टीनं या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोठं वळण तेच आहे.

फिलिप्स कंपनीनं १९६३ साली छोटी कॅसेट आणली. आपल्याकडे ती सर्वसामान्यांच्या हाती आली सत्तरच्या दशकाच्या शेवटी. कोकणातली, विशेषतः रत्नागिरीकडची पुष्कळ माणसं तेव्हा आखाती देशांत नोकरीला जाऊ लागली होती. परत येताना हातात असे ‘टू-इन-वन’, म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र. मुसाफिरखाना आणि मनीष मार्केटच्या गल्ल्यांत परदेशी माल मिळे तो वेगळाच. पुढे फिलिप्स, बीपीएल-सॅन्यो यांचे देशी संच आले. या यंत्रावर लाल खुणेचं एक बटण होतं, रेकॉर्डिंगचं. त्या बटणानं पहिल्यांदाच गरीब माणसाचा आवाज साठवून ठेवायची सोय झाली. परदेशी गेलेल्याला घरचे कॅसेटवर बोलून पाठवत, कारण आईला लिहिता येत नसे, पण बोलता येत असे. चाळीतलं भजन, मुलीचं पहिलं गाणं, गावच्या नमनाची रात्र, शाहिराचा कार्यक्रम हे सारं कॅसेटमध्ये उतरू लागलं.

याचं सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे भीमगीतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या बीआयटी चाळीत कितीतरी वर्षं राहिले. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचं महापरिनिर्वाण झालं आणि दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. आज तिथे चैत्यभूमी आहे. दर वर्षी ६ डिसेंबरला लाखो लोक येतात आणि शिवाजी पार्कावर पुस्तकांचे आणि गाण्यांचे स्टॉल लागतात. वामनदादा कर्डकांची रचना, प्रल्हाद शिंदे आणि विठ्ठल उमप यांचा आवाज हे सगळं गावोगावी गेलं ते मुख्यतः स्वस्त कॅसेटच्या पिशवीतून. मोठ्या कंपन्यांच्या यादीत या गाण्यांना फार जागा नव्हती. तबकडी काढायची तर भांडवल लागे. कॅसेटला थोडक्या भांडवलात काम भागे आणि छोट्या छोट्या कंपन्या पुढे आल्या. पुढे त्याच स्टॉलांवर सीडी आल्या, मग पेन ड्राइव्ह आले. माल बदलला, पण गिऱ्हाईकाची अपेक्षा तीच राहिली. आपलं गाणं, परवडणाऱ्या पैशांत, घरी नेण्यासारखं.

पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसनं शास्त्रीय गायन आणि पु. ल. देशपांडे यांच्यासारख्यांचे कार्यक्रम कॅसेटवर आणले, ते दादर-गिरगावच्या मध्यमवर्गानं जिवापाड जपले. दुसरीकडे १९८३ साली निघालेल्या गुलशन कुमार यांच्या कंपनीनं, म्हणजे टी-सीरीजनं, कॅसेटचे भाव पाडले. चहाच्या टपरीशेजारी, पानाच्या गादीवर कॅसेट मिळू लागली. तिसरा मार्ग होता गाणी ‘भरून’ देणाऱ्यांचा. कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी द्यायची, दोन दिवसांनी भरलेली कॅसेट घ्यायची. कायद्याच्या नजरेत हे बरोबर नव्हतं आणि त्यात कलावंताचे पैसे बुडत. पण नव्वद मिनिटांत फक्त आपल्याच आवडीची गाणी असावीत, ही इच्छा यंत्र बनवणाऱ्यांच्याही आधी गल्लीतल्या भरून देणाऱ्यानं ओळखली होती.

नेमक्या याच काळात गिरणगावावर आभाळ कोसळलं. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. तो संप रीतसर मिटलाच नाही. महिन्यांमागून महिने पगाराविना गेले. दागिने, भांडीकुंडी विकून घर चालवल्याच्या आठवणी लालबाग-परळमध्ये आजही सांगितल्या जातात. जी चैनीची म्हणून घेतली होती, ती वस्तू सावकाराकडे आधी जाते. बाकीच्या मुंबईत कॅसेटची लाट येत होती आणि गिरणगावात बोनस, भिशी आणि उधारी ही तिन्ही दारं बंद होत होती. यंत्रांचा इतिहास लिहिताना आपण कुठल्या साली काय निघालं ते लिहितो. ते घेण्याची ताकद कुणाकडे उरली होती, हेही त्याच पानावर लिहायला हवं.

याच सुमारास वॉकमनचं नाव ऐकू येऊ लागलं. सोनी कंपनीनं तो १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये ३३ हजार येनला विकायला काढला. त्यात रेकॉर्डिंगची सोय नव्हती आणि पहिल्या मॉडेलला हेडफोन लावायच्या जागा दोन होत्या. एकट्यानं ऐकणं लोकांना विचित्र वाटेल, असं खुद्द बनवणाऱ्यांनाही वाटत होतं. जपानमध्ये वॉकमन म्हणजे चालता चालता गाणं. आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत त्याचा अर्थ निराळा झाला. आजी झोपली आहे, भाऊ अभ्यास करतो आहे, वडील बातम्या ऐकत आहेत, आणि कोपऱ्यातल्या मुलीला तिचं गाणं हवं आहे. जिथे स्वतःची खोली मिळण्याची शक्यता नव्हती, तिथे दोन कानांपुरती खोली मिळाली. कॅसेट उलटी फिरवताना बॅटरी खर्च होते म्हणून ती पेन्सिलीवर अडकवून गरगर फिरवायची, ही काटकसरही चाळीच्या जुन्या वळणाचीच.

पुढचा पल्ला झपाट्यानं सरला. १९८२ साली सीडी आली. मग जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतल्या संशोधनातून एमपी-थ्री ही पद्धत घडली. माणसाच्या कानाला एरवी जाणवणार नाही असा ध्वनीचा भाग वगळायचा आणि फाइल लहान करायची, हे तिचं तत्त्व. नेहमीच्या १२८ किलोबिट दर्जात एक मिनिट गाण्याला साधारण एक मेगाबाइट जागा लागते. म्हणजे चार-पाच मिनिटांचं गाणं चार-पाच मेगाबाइटचं. ७०० मेगाबाइटच्या एका सीडीवर दीडशेच्या आसपास गाणी मावू लागली आणि फुटपाथवर तशा सीडींचे ढीग दिसू लागले. खिशातले पहिले एमपी-थ्री प्लेअर १९९८ चे, ३२ मेगाबाइटचे, म्हणजे मोजून सात-आठ गाण्यांचे. २३ ऑक्टोबर २००१ रोजी ॲपलचा आयपॉड आला, हजार गाण्यांचा, ३९९ डॉलरचा. आपल्याकडे त्या दशकात लॅमिंग्टन रोड आणि मनीष मार्केटमध्ये त्याचे स्वस्त भाऊबंद मिळत. काहींवर लिहिलेली क्षमता आणि प्रत्यक्षातली क्षमता यांत जमीन-अस्मानाचा फरक असे. जाणकार गिऱ्हाईक म्हणूनच प्लेअर पूर्ण भरून, शेवटचं गाणं वाजवून मगच पैसे देई.

त्यानंतर सगळं मोबाइलच्या पोटात गेलं. काही वर्षं ‘कार्डात गाणी भरून मिळतील’ अशा पाट्या स्टेशनाबाहेर दिसत. कॅसेट भरून देणाऱ्याचाच हा नवा अवतार. २०१६ नंतर इंटरनेटचे दर कोसळले आणि गाणी साठवायची गरजच उरली नाही, असं वाटू लागलं. सोनीनं जपानमध्ये कॅसेटचा वॉकमन २०१० साली थांबवला. काळा घोड्याचं ‘ऱ्हिदम हाऊस’ २०१६ साली बंद झालं. ॲपलनं आयपॉड बंद केल्याचं २०२२ च्या मे महिन्यात जाहीर केलं. मात्र त्या आधी, २०१७ साली, पूर्वीच्या एचएमव्हीनं, म्हणजे आताच्या सारेगामानं, जुन्या ट्रान्झिस्टरच्या रूपाचा ‘कारवां’ काढला. पाच हजार गाणी आधीच भरलेली, मोठी बटणं आणि किंमत ५,९९० रुपये. तो चालला. मोबाइलच्या पडद्यावर बोटं फिरवणं ज्यांना जमत नाही, त्यांना फिरवायची कळ हवी होती. नवं ते सगळ्यांना सोयीचं असतंच असं नाही, हे त्या डब्यानं दाखवून दिलं.

आता आपला मूळ प्रश्न. आज काय घ्यावं? चाळीचे तेच चार हिशेब लावा. ऐकणारं कोण, हे आधी ठरवा. घरातल्या वृद्धांसाठी असेल तर बटणं मोठी आहेत का, रेडिओ आहे का आणि बॅटरी बदलून मिळते का, हे पाहा. चार जणांनी मिळून ऐकायचं असेल तर पैसे स्पीकरवर घाला. लोकलच्या गर्दीत ऐकायचं असेल तर यंत्रापेक्षा कानात नीट बसणारे इअरफोन महत्त्वाचे. ते सैल असले की गाडीच्या खडखडाटावर मात करायला आपण आवाज वाढवत नेतो. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ही मर्यादा सुचवली आहे. मुलांसाठी ती ७५ डेसिबल आहे. आवाज त्याहून वर गेला की सुरक्षित वेळ झपाट्यानं कमी होते. गेलेली श्रवणशक्ती कुठल्याही भिशीतून परत घेता येत नाही.

मग चालवण्याचा खर्च बघा. दरमहा शुल्क भरून गाणी ऐकत असाल तर वर्षाची बेरीज करून पाहा. रेडिओच्या परवान्यासारखंच ते आहे. भरणं थांबलं की गाणं थांबतं. ज्यांना पाच-पंचवीस तासांचंच गाणं पुन्हा पुन्हा ऐकायचं आहे, त्यांना साधा प्लेअर आणि रीतसर विकत घेतलेली गाणी अधिक स्वस्त पडतात. ज्यांना रोज नवं हवं, त्यांना शुल्क परवडतं.

आणि शेवटची गोष्ट, जी कुठल्याच दुकानात मिळत नाही. गिरगाव, परळ, लालबाग इथल्या चाळींचा पुनर्विकास चालू आहे. खोली रिकामी करताना माळ्यावरची पेटी खाली येते. त्यात कॅसेट असतात. टेप वाजवायचं यंत्र घरात नसतं, म्हणून ती पेटी भंगारात जाते. त्यातली सिनेमाची गाणी दुसरीकडे मिळतील. पण चाळीच्या भजनी मंडळाचा आवाज, संपाच्या दिवसांत सभेत गायलेल्या शाहिराचा पोवाडा, दुबईला पाठवायला म्हणून आईनं भरलेली कॅसेट, यांची दुसरी प्रत जगात कुठे नाही. चुंबकीय फीत कायम टिकत नाही. दमट हवेत तिला बुरशी लागते, फीत फीतीला चिकटते.

तेव्हा आजोबांसाठी नवं यंत्र घ्यायला निघण्याआधी माळा बघा. कॅसेट सापडल्या तर त्या उन्हापासून आणि स्पीकरच्या चुंबकापासून दूर ठेवा. नावं पुसट झाली असतील तर आजोबांना विचारून लिहून घ्या, कारण ते सांगणारा माणूसही फितीइतकाच जपायला हवा. एखादा चालू टेपरेकॉर्डर मिळवा. त्याचे हेड साफ करून घ्या. आधी बिनमहत्त्वाची कॅसेट वाजवून यंत्र फीत गिळत नाही ना, याची खात्री करा. मग हेडफोनच्या जागी वायर लावून ती संगणकाला जोडा आणि कॅसेट पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा वाजवा. जी फीत चिकटली असेल ती ओढू नका, जाणकाराकडे न्या. तयार झालेल्या फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या जागी ठेवा. याला पैसे फारसे लागत नाहीत, एक-दोन रविवार लागतात. एवढं करून ती गाणी नव्या यंत्रात भरा आणि मग ते यंत्र आजोबांच्या हाती द्या.